शहराचं कामांचं बजेट कसं वाचायचं आणि आपल्या भागाचं काम त्यात कसं बसवायचं

आमच्या भागातला एक रस्ता नवा झाला, काळाकुळकुळीत डांबरी, आणि चारच महिन्यांत तो मधोमध खोदला, कारण खालची पाण्याची जुनी लाईन बदलायची होती. सगळ्यांसारखाच मीही चिडलो. नंतर त्या वर्षाचं बजेटचं पुस्तक उघडून बसलो तर दोन्ही कामं त्यात होती, रस्त्याचं काम रस्ते विभागाच्या पानावर, पाईपलाईनचं पाणीपुरवठ्याच्या पानावर, दोन्हीला पैसे ठेवलेले आणि दोन्हीकडे गल्लीचं नाव स्पष्ट छापलेलं. पुस्तक बाहेर आलं तेव्हापासून डांबर पडेपर्यंत जवळजवळ आठ महिने होते, आणि एवढ्या काळात आमच्यापैकी एकानेही ती दोन पानं शेजारीशेजारी ठेवून बघितली नव्हती.

तेव्हापासून दरवर्षी मी ते पुस्तक वाचतो, आणि जे जे कळत गेलं ते इथे लिहून ठेवतोय. बहुतेक लोक कामाबद्दल बोलायला लागतात ते खोदाईचं मशीन दारात आल्यावर, आणि तेव्हा पैसे, डिझाईन, ठेकेदार सगळं ठरून गेलेलं असतं. तुम्ही कुठल्याही शहरात राहत असाल तरी पद्धत साधारण हीच, विभागांची नावं आणि तारखा तेवढ्या बदलतात.

आधी दोन खिसे वेगळे करा

शहराच्या बजेटला दोन खिसे असतात. एक महसुली, म्हणजे पगार, वीजबिल, झाडलोट, गटार साफ करणं, खड्डे बुजवणं असा दरवर्षी परत परत येणारा खर्च. दुसरा भांडवली, म्हणजे पूल, नवी लाईन, पाण्याची टाकी, शाळेची इमारत, जे एकदा बांधलं की वीस-तीस-पन्नास वर्षं वापरायचं. पुस्तक हातात घेतल्यावर आधी भांडवली भाग कुठे सुरू होतो ते शोधा, त्या पानाला खूण करा, आणि दोन्ही खिशांमधून पैसा इकडचा तिकडे जातोय का यावर लक्ष ठेवा. जातो तेव्हा काय होतं ते न्यूयॉर्कने दाखवलंय. तिथे कित्येक वर्षं रोजचे खर्च भांडवली खात्यात टाकून त्यासाठी कर्ज काढत राहिले, मग जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज, आणि १९७५ मध्ये बँकांनी हात वर केले तेव्हा शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहिलं, माणसं कामावरून काढावी लागली आणि दुरुस्त्या वर्षानुवर्षं रखडल्या.

वर्षाच्या बजेटशिवाय आणखी एक कागद असतो जो जास्त कामाचा आहे पण लोक तो मागतच नाहीत, तो म्हणजे पाच किंवा दहा वर्षांचा कामांचा आराखडा. सॅन फ्रान्सिस्को शहर दहा वर्षांचा करतं आणि दर दोन वर्षांनी नव्याने मांडतं. अशा आराखड्यातलं पहिलं वर्ष म्हणजे पक्का पैसा, दुसरं-तिसरं वर्ष म्हणजे बऱ्यापैकी तयारी झालेली कामं, आणि पुढची सगळी वर्षं म्हणजे रांग. तुमचं काम रांगेत कितव्या नंबरवर आहे हे बघा, आणि मागच्या वेळच्या आराखड्यात ते कितव्या नंबरवर होतं तेही बघा, कारण काही कामं दर वेळी इमानेइतबारे पाचव्याच वर्षात दिसतात आणि वर्षं सरली तरी चौथ्यात येत नाहीत. असा आराखडा तुमच्या शहरात नसेल तर पाण्याचा, सांडपाण्याचा, वाहतुकीचा असे विभागवार मास्टर प्लॅन असतात, ते मागून घ्या, तेवढ्यावरही काम भागतं.

एका कामाची ओळ कशी वाचायची

भांडवली पानावर प्रत्येक कामाची एक ओळ असते आणि त्या ओळीत बहुतेक ठिकाणी हे आकडे मिळतात: कामाचा एकूण अंदाजित खर्च, आतापर्यंत झालेला खर्च, मागच्या वर्षीची तरतूद, त्यातले खरंच खर्च झालेले पैसे आणि यंदाची तरतूद. नवीन माणूस फक्त शेवटचा आकडा बघतो. खरी गोष्ट आधीच्या आकड्यांत असते.

समजा पुलाचा एकूण खर्च ४० कोटी आहे आणि यंदाची तरतूद १० लाख. याला टोकन तरतूद म्हणतात, म्हणजे ओळ जिवंत ठेवायला टाकलेले पैसे, त्यात फार तर सर्वे होईल. पुढाऱ्याने भाषणात पूल मंजूर झाला असं सांगितलं तर ते खोटं म्हणता येत नाही, पण पूल होणारही नाही. अशा वेळी एकूण खर्चातून झालेला खर्च वजा करा, उरलेल्याला यंदाच्या तरतुदीने भागा, जितकी वर्षं येतील ती कागदावर लिहा आणि तेवढंच विचारा, की या वेगाने काम इतक्या वर्षांनी पूर्ण होतंय, पुढच्या वर्षी किती ठेवणार आहात.

याच्या उलटही असतं. मागच्या वर्षी ५ कोटी ठेवले, खर्च झाले ४० लाख, आणि यंदा परत ५ कोटी ठेवले. इथे पैशांची अडचण नाहीये, अडचण दुसरीकडे कुठेतरी आहे, जागा ताब्यात आलेली नाही, कुठल्यातरी खात्याची परवानगी अडकलीये, टेंडरला कुणी आलं नाही, डिझाईनच झालेलं नाही. अशा कामासाठी जास्त पैसे द्या म्हणून निवेदन देण्यात अर्थ नाही, अडकलंय कुठे ते एका वाक्यात लेखी विचारा. माझा अनुभव असा की निधी द्या म्हटलं तर आश्वासन मिळतं, आणि काम नेमकं कुठल्या टप्प्यावर थांबलंय असं विचारलं तर उत्तर मिळतं.

वर्गीकरण हा शब्दही लक्षात ठेवा. वर्षाच्या मध्ये एका कामाचे पैसे काढून दुसऱ्याला देतात त्याला वर्गीकरण म्हणतात, आणि ते बजेटच्या पुस्तकात दिसत नाही, मीटिंगच्या कागदात दिसतं. वर्षाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत हे सगळ्यात जास्त होतं, तेव्हा त्या काळातली विषयपत्रिका चाळत जा.

इस्टिमेट कशावर केलंय ते विचारा

इस्टिमेट हा एकच शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. नकाशावर रेघ मारून लांबी गुणिले दर असा काढलेला आकडा पण इस्टिमेट, आणि माती तपासून, खालच्या केबल-पाईप शोधून, पूर्ण ड्रॉइंग करून काढलेला आकडा पण इस्टिमेट. पहिला दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. सिडनीचं ऑपेरा हाऊस बघा, १९५७ च्या सुमाराचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, १९५९ मध्ये काम सुरू झालं तेव्हा छताचं डिझाईन पूर्ण झालेलं नव्हतं, ते बांधायचं कसं हेच नक्की नव्हतं, आणि १९७३ मध्ये इमारत उघडली तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. इमारत जगप्रसिद्ध झाली हे खरंय आणि बराचसा खर्च लॉटरीतून निघाला. पण आपल्या नाल्यासाठी किंवा उड्डाणपुलासाठी कुणी लॉटरी काढणार नाहीये, तिथे वाढीव खर्च म्हणजे दुसऱ्या कुणाच्यातरी भागातलं रद्द झालेलं काम.

बॉस्टनमध्ये शहराच्या मधून जाणारा उंच हायवे जमिनीखाली नेला, १९८२ च्या भावाने अंदाज २.८ अब्ज डॉलर होता आणि शेवटी आकडा १४ अब्जांच्या पुढे गेला. महागाई हे एक कारण होतंच, पण शिवाय चालू शहराच्या पोटात काम करायचं, जमिनीखालच्या मैलोन्‌मैल लाईन हलवायच्या, मध्येच कामाचा आवाका वाढवायचा, या सगळ्याचे पैसे पहिल्या आकड्यात नव्हते.

तेव्हा कुठलंही मोठं काम जाहीर झालं की हे विचारून घ्या: आकडा कुठल्या वर्षाच्या दराने काढलाय, जमिनीची तपासणी झालीये का, जागा शहराच्या ताब्यात आहे का, खालच्या लाईन हलवायचा खर्च यात धरलाय की वेगळा, आणि अडीअडचणीसाठी किती टक्के बाजूला ठेवलेत. चार उत्तरं "अजून नाही" आली तर समजा की तो आकडा इच्छेचा आहे.

पाईपच्या बाबतीत मी जरा जास्त हट्टी आहे. कुठलीही पाण्याची, पावसाळी किंवा सांडपाण्याची लाईन मंजूर होत असेल तर ती कुठल्या सालच्या लोकसंख्येसाठी धरलीये हे विचाराच. पाईपचा व्यास दुप्पट केला की पोटातली जागा चौपट होते आणि त्याच उतारावर वाहून नेण्याची ताकद साधारण सहापट होते, पण खोदायचा, वाहतूक वळवायचा, रस्ता परत करायचा खर्च काही सहापट होत नाही, बराचसा तेवढाच राहतो. म्हणजे लहान पाईप टाकून वाचवलेले पैसे पंधरा वर्षांनी परत खोदताना व्याजासकट जातात. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण सुटली की पार्लमेंटला बसवेना, तेव्हा कुठे इंजिनिअर जोसेफ बॅझलजेटच्या गटारांना पैसे मिळाले, आणि त्याने ती त्या वेळच्या गरजेपेक्षा मोठी घेतली म्हणून दीडशे वर्षांनंतरही ती वापरात आहेत. अर्थात दर वेळी मोठा पाईप हेच उत्तर नसतं. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि शहर पाण्यात गेलं, त्यानंतर त्यांनी हिशोब मांडला तर नुसती गटारं मोठी करण्यापेक्षा काही रस्ते, बागा, मैदानं तात्पुरतं पाणी धरून ठेवतील अशी करणं स्वस्त पडत होतं, आणि तशी सुमारे ३०० कामं त्यांनी आराखड्यात घेतली. म्हणून दुसरा पर्याय तपासला होता का, हाही प्रश्न विचारायचा.

पैसा कुठून येणार

हा भाग लोक सोडून देतात आणि खरं तर सगळ्यात जास्त इथेच बघायला पाहिजे. कामाचे पैसे साधारण पाच ठिकाणांहून येतात: शहराचा स्वतःचा कर, वरच्या सरकारचं अनुदान, कर्ज किंवा रोखे (म्हणजे गुंतवणूकदारांना कागद विकून घेतलेलं कर्ज), ज्यांना फायदा होणार त्यांच्याकडून वसुली, आणि खाजगी कंपनीशी करार.

स्वतःच्या पैशाबद्दल फार सांगायचं नाही, तो कमी असतो एवढंच. अनुदानाबद्दल दोनच गोष्टी तपासा. शहराने स्वतःचा हिस्सा घालायचा असतो, तो बजेटमध्ये वेगळा ठेवलाय का, कारण तो नसेल तर अनुदानाचा पुढचा हप्ता थांबतो आणि खड्डा तसाच उघडा राहतो. दुसरं, अनुदान बांधायला मिळतं, चालवायला मिळत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र फुकट मिळाल्यासारखं वाटतं पण त्याचं वीजबिल, केमिकल, माणसं कायम शहराच्या गळ्यात.

कर्ज वाईट नसतं. पाण्याची टाकी चाळीस वर्षं वापरायची तर तिचे पैसे आजच्याच करदात्यांनी एकदम का भरायचे, पुढे वापरणाऱ्यांनीही भरावेत, हे रास्तच आहे. फक्त एक नियम घट्ट धरा, कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्यापेक्षा लांब नको. वीस वर्षांच्या कर्जातून डांबराचा वरचा थर टाकला तर थर सात-आठ वर्षांत उखडतो आणि हप्ते पुढे बारा वर्षं चालूच राहतात. हप्त्याचा हिशोबही स्वतः करून बघा, १०० कोटी ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर दरवर्षी साधारण १० कोटी २० लाख भरावे लागतात, एकूण २०४ कोटींच्या आसपास. मग ते १० कोटी दरवर्षी कुठल्या उत्पन्नातून जाणार हे विचारा. मॉन्ट्रियलमध्ये १९७६ चं ऑलिंपिक पंधरवड्यात संपलं, स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं, आणि बराच पैसा तंबाखूवरच्या खास करातून उभा करावा लागला.

सॅन फ्रान्सिस्कोची एक पद्धत मला फार आवडते. मालमत्ता करातून फेडायचे नवीन रोखे काढायचे तर जुने फिटत जातील तसेच काढायचे, म्हणजे त्यापायी कराचा दर २००६ च्या पातळीच्या वर जात नाही. आपल्या शहराचा असा काही लेखी नियम आहे का ते विचारून बघा, नसेल तर अशी सूचना लेखी द्यायला काहीच हरकत नाही. भारतात अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटींचे रोखे काढले, आणि त्याआधी तिला आपली करवसुली आणि हिशोब नीट करावे लागले, कारण पैसे देणारा आधी वही बघतो. मला रोख्यांमधला खरा फायदा हाच वाटतो.

याची दुसरी बाजू अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, दिसली. सांडपाण्याची व्यवस्था सुधारणं गरजेचंच होतं, पण कर्ज ३ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं, त्यात बदलत्या व्याजाचे गुंतागुंतीचे करार होते, २००८ च्या मंदीत व्याज भडकलं आणि २०११ मध्ये काउंटीला दिवाळखोरीत जावं लागलं. तेव्हा कर्जाच्या प्रस्तावात व्याज स्थिर आहे की बदलतं, हे पहिल्या पानावरच शोधा.

फायदा होणाऱ्यांकडून वसुली म्हणजे कसं की नवीन रेल्वे आली की आजूबाजूच्या जागेचे भाव वाढतात, मग त्या वाढीतला थोडा हिस्सा कामासाठी घ्यायचा. लंडनने क्रॉसरेल या नव्या रेल्वेसाठी मोठ्या व्यावसायिक जागांवर २०१० पासून जादा कर लावला, हाँगकाँगची मेट्रो स्टेशनवरच्या आणि भोवतीच्या जागेच्या विकासातून बराच पैसा उभा करते. हे मार्ग चांगले आहेत पण लाईन कुठे जाणार हे जाहीर व्हायच्या आधी ठरले पाहिजेत, भाव वाढल्यावर वसुली करायला गेलं की कोर्टकचेऱ्या सुरू होतात.

आणि खाजगी करार. इथे मी हात जोडून सांगतो की मुदत बघा. शिकागोने २००८ च्या शेवटी शहरातले पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका कंपनीला १.१५ अब्ज डॉलरला दिले, काही दिवसांत मंजुरी उरकली, नंतर शहराच्याच तपास अधिकाऱ्याने म्हटलं की शहराला जवळजवळ एक अब्ज डॉलर कमी मिळाले, आणि आलेला बहुतेक पैसा थोड्या वर्षांतच बजेटची भोकं बुजवण्यात संपला. शिवाय रस्त्यावरचं पार्किंग काढून सायकल लेन करायची म्हटली तर कंपनीला भरपाई द्यायची. ज्या करारात शहर स्वतःच्याच रस्त्यावर निर्णय घेताना भरपाई देणार असेल तो करार वाचायला वेळ मिळालाच पाहिजे, निदान एक महिना तरी, आणि तो वेळ आपण मागायचा.

बांधल्यावर सांभाळणार कोण

नवीन कामाच्या प्रत्येक ओळीसाठी महसुली पानावर दुसरी ओळ शोधा, देखभालीची. सापडली नाही तर ते काम अर्धंच मंजूर झालंय असं धरा. पिट्सबर्गमध्ये शहराच्या मालकीचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ ला सकाळी कोसळला, वर बस होती, नशिबाने कुणी दगावलं नाही. हा पूल २०११ पासून तपासणीत वाईट अवस्थेत म्हणून नोंदवलेला होता, दर तपासणीत दुरुस्तीच्या शिफारशी होत होत्या, आणि चौकशीत निघालं की पाणी निचऱ्याच्या जाळ्या तुंबल्या, पाणी आणि कचरा साचत राहिला आणि पोलादी पाय गंजून खाल्ले गेले. जाळ्या साफ करायच्या होत्या फक्त. नवीन पुलाला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले, आणि ते मात्र वर्षाच्या आत मिळाले.

हे सगळीकडे होतं कारण नवीन कामाला फीत असते, जाळी साफ करण्याला नसते. म्हणून आपल्या भागातल्या पुलांचे, टाक्यांचे, जुन्या इमारतींचे तपासणी अहवाल मागा, मागच्या दोन-तीन अहवालांतल्या शिफारशी एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे झाली का नाही एवढं लिहा. एवढा एक कागद घेऊन गेलात तर समोरचा इंजिनिअर मनातून खूश होतो, कारण तोही तेच मागत असतो आणि त्याला पैसे मिळत नसतात.

कधी बोलायचं आणि काय लिहायचं

बजेटवर जनतेच्या सूचना मागवतात तेव्हा नव्वद टक्के पुस्तक लिहून झालेलं असतं असंच धरून चाला. आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या सहा-आठ महिने आधी प्रत्येक विभाग आपल्या कामांची यादी करतो, मग वित्त विभाग त्यातली अर्धी कापतो, मग ते सभेपुढे जातं. तुम्ही जायचं ते यादीच्या वेळी, आणि जायचं भागाच्या इंजिनिअरकडे, कारण यादी तो लिहितो. तारीख माहीत नसेल तर त्यालाच विचारा की पुढच्या वर्षाची यादी वर कधी पाठवता.

मागणी लिहिताना "आमच्या भागातला रस्ता अत्यंत खराब आहे, नागरिक त्रस्त आहेत" असं लिहू नका, ते वाक्य प्रत्येक अर्जात असतं. असं लिहा: अमुक चौकापासून तमुक शाळेपर्यंत साधारण ३५० मीटर, मागच्या पावसाळ्यात अमुक अमुक तारखांना गुडघाभर पाणी, फोटो जोडलेत, पाणी साचतं कारण उतार शाळेकडे आहे आणि तिथली जाळी पुढच्या लाईनला जोडलेली दिसत नाही, रोज सकाळी तासाभरात इतकी मुलं इथून जातात, आम्ही दोन दिवस मोजलं. अशा अर्जात इंजिनिअरचं अर्धं काम झालेलं असतं, तो लगेच लांबी आणि कारण उचलून यादीत टाकू शकतो.

रस्त्याच्या मागणीत आणखी दोन गोष्टी मुद्दाम घाला. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, कारण रस्त्याच्या पोटात पाणी शिरलं की वर कितीही चांगलं डांबर टाका ते टिकत नाही, आणि जड गाड्या किती जातात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक चालवून बघितले होते, त्यातून निघालं की एक्सलवरचं (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. म्हणजे गल्लीतून रोज दहा भरलेले ट्रक जात असतील तर शंभर कार मोजण्यापेक्षा ते दहा ट्रक मोजा.

प्राधान्य कसं ठरतं तेही विचारा, गुण देतात का, आणि कशाला किती. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोकांनी आपापल्या भागाच्या सभांमध्ये कामं ठरवायला सुरुवात केली, आणि पैसे वाटताना कुठल्या भागात सोयी कमी आहेत आणि लोकसंख्या किती याला गुण होते, त्यामुळे मागे राहिलेल्या वस्त्यांना आधी गटारं आणि पाणी मिळालं. तुमच्या शहरात गुणांची पद्धत नसेल तर मग ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं, आणि शांत बसणाऱ्या वस्तीचं कायम मागे पडतं, म्हणून आपल्या मागणीबरोबर शेजारच्या गरीब वस्तीची मागणीही घेऊन जा. बऱ्याचदा पाणी एकाच नाल्यातून येतं, तेव्हा हे तसंही वेगळं नसतं.

काम सुरू झाल्यावर

वर्क ऑर्डरची, म्हणजे ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची, प्रत मागा. त्यात कामाची मुदत, थरांची जाडी आणि दोष दायित्वाचा काळ, म्हणजे किती वर्षं ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची, हे सगळं असतं. वरचा थर सगळ्यांना दिसतो, खालचे झाकले जातात, म्हणून खालचे थर पडत असताना तारीख दिसेल असे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. बिल निघण्याआधी मोजमाप होतं ते मोजमाप पुस्तकात लिहिलं जातं, त्याची प्रत मागता येते आणि तुमच्या फोटोशी ताडून बघता येते. भांडायला जाऊ नका, साईटवरच्या माणसाशी नीट बोला, मुकादमाला बरंच काही माहीत असतं आणि विचारलं तर तो सांगतो.

दोष दायित्व संपायच्या दोन महिने आधीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. त्या आठवड्यात सगळा रस्ता चालून बघा, खड्डे, खचलेली झाकणं, तडे लिहून लेखी कळवा, कारण त्यानंतर ठेकेदाराची अनामत रक्कम त्याला परत जाते आणि तोच खड्डा शहराच्या पैशाने बुजवावा लागतो. एक धोका मात्र आहे, मध्ये दुसऱ्या विभागाने रस्ता खोदला असेल तर ठेकेदार म्हणतो की आता माझी जबाबदारी नाही, आणि खोदणाऱ्याने फक्त चर बुजवलेला असतो. आमच्या त्या गल्लीत नेमकं हेच झालं, आजही त्या चरावरून दुचाकी गेली की धक्का बसतो.

म्हणून यंदा पुस्तक आल्या आल्या मी आणि शेजारचे दोघं एका रविवारी बसलो, रस्त्यांची पानं एका बाजूला, पाणी आणि गटारांची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे येणारी नावं पेन्सिलीने गोल केली. तीन गल्ल्या निघाल्या. तिन्हींसाठी एकच पत्र लिहिलं, दोन्ही विभागांना एकाच दिवशी दिलं, पोच घेतली, वर लिहिलं की आधी लाईन मग रस्ता असा क्रम लावावा. दोन ठिकाणी क्रम बदललाय, तिसऱ्या गल्लीचं उत्तर अजून यायचंय आणि तिथलं टेंडर पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे सोमवारी परत जायचंय.